कॅसेटीतली माणसे

घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून घ्याव्यात, हा विचार सध्या आपल्याकडच्या पुष्कळ घरांत चालू आहे. आमच्या निंबर्ग्यात पाहा, आळंदला पाहा, नाहीतर पलीकडे दुधनी-अक्कलकोटच्या सोयऱ्यांकडे जाऊन पाहा. कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा पत्र्याच्या पेटीत काळ्या ठोकळ्यांसारख्या पाच-सहा कॅसेटी असतातच. लग्नाच्या, जावळाच्या, वास्तुशांतीच्या. एखादी गाणगापूरच्या पौर्णिमेचीही. वाजवायचे यंत्र मात्र कोणाकडे धड नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्ही. सी. आर. बनवणे थांबवले, आणि त्याबरोबर ते यंत्र नव्याने मिळण्याची आशा संपली. आता जे काही आहे ते जुने, डागडुजी केलेले. त्यात फितींना बुरशी धरते, त्या एकमेकींना चिकटतात. काम निकडीचे आहे यात वाद नाही.

वाद त्यापुढे सुरू होतो. संगणकावर उतरलेली फीत कापता येते, आणि कापता येते म्हटल्यावर ती कापावीशी वाटते. ‘तीन तास कोण बघत बसणार? चाळीस मिनिटांची छानशी डीव्हीडी करून टाक’, असे सांगणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. त्याचे म्हणणे चुकीचे आहे असेही नाही. पण उरलेल्या दोन तास वीस मिनिटांचे काय करायचे, आणि ती टाकून द्यायचा अधिकार कोणाचा, एवढे विचारले की घरातले संभाषण एकदम थांबते. हा प्रश्न कारागिरीचा आहे असे आपण धरून चाललो होतो. तो तसा नाही, असे मला वाटते.

आधी या कॅसेटींत काय आहे ते पाहू. आपल्या भागातल्या लग्नांत व्हिडिओ कॅमेरा रुळला तो १९९० च्या आगेमागे. गुलबर्ग्याहून किंवा सोलापुरातून शूटिंगवाला यायचा (गुलबर्ग्याचे कलबुर्गी हे सरकारी नाव २०१४ साली झाले; बोलण्यात ते आधीपासूनच होते). त्याच्या खांद्यावर भलामोठा कॅमेरा, आणि मागे हॅलोजनचा दिवा धरून वायरीचे भेंडोळे ओढत चालणारा एक पोरगा. दिवा तोंडावर आला की भलीभली माणसे शिपायासारखी ताठ व्हायची. नवरीने घातलेला हार पुन्हा काढून पुन्हा घालायला लावायचा, अक्षता दुसऱ्यांदा टाकायला लावायच्या, हे सगळे रीतसर चाले. मग ती कॅसेट दुकानात ‘मिक्सिंग’ला जाई. तिथे बदामाच्या आकारात नवरानवरी बसत, गुलाबाची फुले उडत, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी चढत.

या गाण्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. गाणे चढले म्हणजे मंडपातला आवाज गेला. व्ही. एच. एस. फितीवर साधा आवाज फितीच्या काठाने एका अरुंद पट्टीत नोंदलेला असतो, चित्र मधल्या भागात तिरप्या रेघांत असते. त्यामुळे चित्राला धक्का न लावता नुसत्या काठावर नवा आवाज भरता येतो, आणि तो भरताना खालचा पुसला जातो. दुकानदाराने दुसऱ्या फितीवर प्रत काढून तिथे गाणी भरली असतील, तर मूळ फीत शाबूत राहायला हवी होती. पण ती अनेकदा पुढच्या लग्नाला पुन्हा वापरली जायची. कोरी कॅसेट महाग होती. अशा रीतीने आपल्या शेकडो लग्नांतले बोलणे कायमचे गेले, आणि घरच्यांनी त्याचे पैसेही वर मोजून दिले. मला त्या दुकानदारांना दोष द्यायचा नाही. गिऱ्हाइकाला तेच हवे होते.

दुसऱ्या जातीच्या कॅसेटी घरच्या माणसाने काढलेल्या. आखातात नोकरीला गेलेला कोणी मामा किंवा धाकटा काका सुटीत येताना हातात मावेल असा कॅमकॉर्डर घेऊन यायचा. सोनीने १९८५ साली आठ मिलिमीटर फितीचा असा कॅमेरा आणला, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याची निरनिराळी भावंडे आपल्याकडे पोचली. या कॅसेटींना मिक्सिंग नाही, दिवा नाही. चित्र हलते, मधेच जमीन दिसते, कॅमेरा बंद करायचा विसरल्यामुळे दहा मिनिटे कोणाच्या तरी चपला दिसत राहतात. ‘वेस्ट’ म्हणून सगळ्यात आधी कापले जाते ते हेच. आणि माझे म्हणणे असे की आपल्या सीमेवरच्या घरांची सगळ्यात मोलाची ठेव त्या चपलांच्या दहा मिनिटांत आहे. कारण चित्रात कोणी नसते तेव्हा मागे माणसे बोलत असतात.

ती कशी बोलतात? दारात आलेल्याला ‘बर्री, कुंद्री’ म्हणून बसवायचे, आणि त्याच श्वासात ‘चहा घेतल्याबिगर सोडत नाही बघा’ म्हणायचे. पाहुण्याने ‘नक्को जी, अब्बीच पिया’ असे दखनीत सांगायचे. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून कानडीत हाक, आणि आतून मराठीत उत्तर. आपण तीन भाषा बोलतो आहोत याची कोणाला जाणीवही नसते.

याच गोष्टीचा अभ्यास करायला गुम्पर्झ आणि विल्सन हे दोन अभ्यासक सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला गेले होते. त्यांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांनी तो वाचला. कुपवाडात कानडी, मराठी आणि उर्दू शतकानुशतके शेजारी नांदल्या होत्या. त्यांच्या वाक्यांची घडण इतकी एक झाली होती की एका भाषेतले वाक्य घेऊन शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेले की दुसऱ्या भाषेतले तयार व्हावे, असे या दोघांना दिसले. भाषा निराळ्या राहिल्या, कारण घरातली भाषा ही त्या त्या घराची ओळख होती. पण चौकट सगळ्यांची एक झाली. निंबर्ग्याच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. मात्र अशा बोलण्याची अडचण अशी की समोर यंत्र धरून ‘बोला’ म्हटले की ते आटते. माणूस शाळेतली भाषा बोलू लागतो. ते सापडते ते यंत्र चालू आहे हे विसरल्यावर. आपल्या पेट्यांत ते पडून आहे, आणि आपण त्यावर सनई चढवायला निघालो आहोत.

आता कापण्याकडे वळू. कापणे दोन प्रकारचे असते. एक यंत्राचे. डीव्हीडीवर चित्र जाते ते एम्पेग-२ नावाच्या पद्धतीने दाबून. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रे असतात. त्यांतले साधारण अर्ध्या सेकंदाला एक तेवढे पूर्ण साठवतात, आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच नोंदवतात. मागची स्थिर भिंत पुन्हा पुन्हा लिहीत नाहीत. रंगाची माहिती उजेड-सावलीच्या चौथाईच ठेवतात, कारण रंगातला बारीक फरक डोळ्याला कमी कळतो. म्हणजे यंत्रही गाळते, पण ते सगळ्यांना एकच न्याय लावते. सून असो की सासू, भिंतीपुढे न हलणाऱ्या माणसाला ते भिंतीइतकेच मोजते.

दुसरे कापणे माणसाचे, आणि त्याला पूर्वी एक सबळ कारण होते: जागा. डिजिटल फितीच्या दर्जाने एक तास साठवायला सुमारे तेरा गिगाबाइट लागतात. साधी डीव्हीडी ४.७ गिगाबाइटची. २००३ च्या सुमाराला ज्याने घरच्या संगणकावर हा उद्योग केला असेल, त्याला तासाभराची फीत आत घेतली की संगणक कसा धापा टाकतो हे आठवत असेल. दाबा, कापा, नाहीतर सोडून द्या, असा तो मामला होता. आज एक टेराबाइटच्या तळहाताएवढ्या डिस्कवर असे पंचाहत्तर तास मावतात. आमच्या सगळ्या भाऊबंदांच्या कॅसेटी मिळून तेवढ्या भरणार नाहीत. तेव्हा आज आपण जे कापतो ते जागा नाही म्हणून नव्हे. ते आपल्याला नको आहे म्हणून. निरुपायाने टाकलेल्या वस्तूचा जाब कोणी विचारत नाही. निवडून टाकलेल्या वस्तूचा विचारतात.

एक उदाहरण सांगतो. नात्यातले आहे, म्हणून नावे सांगत नाही. त्या घरच्या वडिलांच्या पंचाहत्तरीला जुन्या कॅसेटींची एक डीव्हीडी करून कार्यक्रमात दाखवायचे ठरले, आणि काम माझ्या भाच्याकडे आले. त्याला सक्त ताकीद एकच होती: थोरल्या मुलाची पहिली बायको कुठे दिसता कामा नये. सात वर्षांचा संसार मोडला होता, रीतसर फारकत झाली होती, मुलाने दुसरे लग्न केले होते, दुसरीला दोन मुले होती. लग्नाची कॅसेट तर बाजूलाच ठेवली. राहिली १९९७ च्या दिवाळीची, काकाने घरच्या कॅमेऱ्यावर काढलेली.

जुन्या फितीची एक खोड आहे. ती भराभर उतरत नाही. एक तासाची फीत उतरायला एक तासच लागतो, आणि त्या तासात कोणीतरी तिच्यापाशी बसावे लागते; चित्र फाटले की थांबवायचे, डोके पुसायचे, पुन्हा लावायचे. भाचा असा बसला होता म्हणून त्याच्या कानावर पडले. त्या कॅसेटीत अकरा मिनिटांचा एक तुकडा आहे. पडवीत घरची आज्जी त्या नव्या सुनेला शेंगाहोळगी लाटायला शिकवते आहे. आज्जी माहेरची अफजलपूरकडची, तिची बोली कानडी. सून उमरग्याकडची, तिला कानडी फारसे येत नाही. आज्जी कानडीत सांगते, अडले की मराठी शब्द घालते. सून मराठीत विचारते आणि आज्जीचेच कानडी शब्द तिला वाकडेतिकडे परत करते. आज्जी हसते. मधे दोनदा म्हणते, ‘हांगल्ल ग बाई, हिंग.’ तसे नाही, असे.

ती आज्जी १९९९ साली गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

आता काढायचे कसे? अकरा मिनिटांत आज्जी एकटी दिसते ती जेमतेम वीस-पंचवीस सेकंद. चित्राची कड कापली तरी हिरव्या बांगड्यांचा हात चित्रात येतो. नुसता आवाज ठेवून वर आज्जीचे फोटो लावावे, तर आवाजातही ती आहेच. प्रश्न तिचा, उत्तर आज्जीचे. प्रश्न कापले तर आज्जी भिंतीशी बोलल्यासारखी वाटते. माणूस कोणाशी बोलतो यावरून त्याचे बोलणे ठरते, हे एरवी पुस्तकात वाचायचे वाक्य तिथे संगणकाच्या पडद्यावर दिसत होते. सुनेला पुसले की आज्जीही पुसली जात होती.

घरात दोन-तीन दिवस वाद झाला. मुलगा म्हणाला, झाले गेले ते पुन्हा कशाला. मुलगी म्हणाली, आज्जीचा आवाज आहे, कापायचा नाही. पंचाहत्तरी ज्यांची, ते म्हणाले, ‘तेव्हा ती घरात होती. नव्हती म्हणून कसं सांगायचं?’ मला हे उत्तर पटते, पण पुरते पटत नाही. कारण या वादात दोन माणसांना कोणी विचारलेच नव्हते. एक, आत्ताची सून. भरल्या मांडवात नवऱ्याच्या पहिल्या बायकोचे कौतुक पाहात तिने बसावे, हे कोणत्या न्यायाने? आणि दुसरी, जिचे चित्र आहे ती. आपले रूप, आपला आवाज, आपले तेव्हाचे हसणे एखाद्या घराच्या कपाटात राहावे की राहू नये, यात तिचा काही शब्द असेल की नाही?

सगळे जपलेच पाहिजे असे म्हणणारे इथे जरा घाई करतात, असे माझे मत आहे. जपण्याच्या हौसेने माणसाला त्याच्या जुन्या चित्रात कोंडून ठेवता येते. बाईच्या बाबतीत तर विशेषच. तिला संसार सोडता येतो, त्या घराच्या अल्बमातून मात्र बाहेर पडता येत नाही. उलट पुसणाऱ्यांचीही एक लबाडी असते. ‘तिच्याच भल्यासाठी’ म्हणून पुसतात, आणि पुसतात ते आपल्या अडचणीचे. तेव्हा मला वाटते ठेवणे आणि दाखवणे या दोन कृत्यांची गाठ आधी सोडली पाहिजे. ठेवावे सगळे, अखंड, आवाजासकट. दाखवावे ते विचारून. चाळीस मिनिटांची डीव्हीडी करायला हरकत नाही. गोष्ट सांगणारा निवडूनच सांगतो, आणि निवडण्यात मायाही असते. पण ती डीव्हीडी म्हणजे त्या दिवशी सांगितलेली गोष्ट. तिच्यासाठी मूळ फाइल पुसायची काही गरज नाही.

आपल्याकडे हे पूर्वी फार कसोशीने केलेले आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठून, विचारून. त्यात तत्त्वज्ञान आहे तसे जेवणखाण आहे, दुखणीखुपणी आहेत, रस्त्यातल्या लहानसहान गमती आहेत. पुढे मूळ पोथी हरवली आणि ती पाठांतरावरून पुन्हा लिहावी लागली. तेव्हा एखादा प्रसंग दोघांना दोन तऱ्हांनी आठवत असेल तर दोन्ही पाठ नोंदवायची रीत त्या परंपरेने पाळली. आणि कानडी अंगाने पाहायचे तर विजापूरचे फ. गु. हळकट्टी (१८८०–१९६४). वकिली बाजूला ठेवून हा माणूस शरणांच्या वचनांच्या ताडपत्री पोथ्यांसाठी घरोघर फिरला. त्या पोथ्या देवघरात फडक्यात बांधून ठेवलेल्या असत. पूजा होई, वाचन होत नसे. १९२३ साली त्यांचा ‘वचनशास्त्रसार’ निघाला. कपाटावरच्या आपल्या कॅसेटींची दशा त्या पोथ्यांहून निराळी नाही. फडक्याच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी आली आहे, एवढेच.

त्या घरात काय झाले तेही सांगून टाकतो. नणंदेने शेवटी फोन केला. पहिल्या सुनेने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘कार्यक्रमात लावू नका. पण मला एक पाठवा. आज्जी मला कधी रागावल्या नाहीत.’ पंचाहत्तरीला तो तुकडा दाखवला नाही. तिला पेनड्राइव्ह पाठवायचा की नाही, यावर मात्र घरच्या पुरुषांनी पंधरा दिवस घेतले. यात विचार करण्यासारखे काय होते ते मला आजही कळलेले नाही. ती फीत जितकी त्या घराची तितकीच तिची. पेनड्राइव्ह अखेर गेला.

आणखी एक कामाची गोष्ट. डीव्हीडी केली म्हणजे जपले, असे समजू नये. घरी जाळलेल्या डीव्हीडीत माहिती असते ती एका सेंद्रिय रंगाच्या थरात, आणि ऊन-उष्णता त्याला मानवत नाही. आपल्याकडचा मे महिना त्याला आणखी वाईट. शिवाय नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाच आता बहुधा नसते. मूळ फाइल दोन निरनिराळ्या डिस्कांवर, दोन निरनिराळ्या घरांत ठेवावी. एक इकडे, एक पुण्या-सोलापूरच्या भावाकडे. चित्रातल्या आडव्या दातऱ्या घालवायच्या असतील तर त्या प्रतीतून घालवाव्या, मूळ फाइलीतून नाही. आणि यातले काहीच जमले नाही तरी निदान नावे लिहून काढावी. चित्र राहते आणि नाव जाते, असे फार पाहिले. कोण कोणाची आत्या, कोणत्या गावची, कोणती भाषा बोलायची, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत.

भाच्याने सध्या तेच चालवले आहे. संध्याकाळी एका थकलेल्या आत्याबाईंना पडद्यापुढे बसवतो, चित्र थांबवतो, त्या बोट दाखवून सांगतात, तो वहीत उतरवतो. १९९३ च्या एका लग्नाच्या कॅसेटीत त्यांनी एकशे सत्तावीस माणसे ओळखली. चौदा अजून लागायची आहेत. दोन स्वयंपाकी आहेत, बाजावाल्यांतला सनईवाला आहे, वाकून पाणी वाढणारी एक बाई आहे, आणि हॅलोजन धरणारा तो पोरगा. तो सबंध तीन तासांत एकदाच दिसतो, नवरीच्या खोलीतल्या आरशात, दिव्याच्या मागे.